कपाटातले नियम आणि कोठडीतली माणसे

संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची व्याख्या करताना त्याच्या चार खुणा सांगितल्या आहेत. कायदा हा विवेकातून आलेला असावा. तो सर्वांच्या हितासाठी असावा. ज्याच्या शिरावर समाजाची धुरा आहे त्याने तो केलेला असावा. आणि तो जाहीर झालेला असावा. जो नियम लोकांना सांगितलाच नाही तो लोकांसाठी कायदा ठरत नाही. चर्चच्या धर्मसंहितेनेही हेच तत्त्व मानले आहे: नियम प्रसिद्ध होतो तेव्हाच तो कायदा म्हणून जन्माला येतो. सेमिनरीच्या पहिल्या वर्षांत पाठ केलेली ही व्याख्या आज आपल्या देशातील केंद्रीय तपास यंत्रणांना लावून पाहण्याची वेळ आली आहे.

केंद्रीय अन्वेषण विभाग म्हणजे सीबीआय, राष्ट्रीय तपास यंत्रणा म्हणजे एनआयए आणि सक्तवसुली संचालनालय म्हणजे ईडी, या तीन यंत्रणांच्या हाती झडतीचे, जप्तीचे आणि अटकेचे अधिकार आहेत. हे अधिकार कोणत्या वेळी, कोणत्या रीतीने आणि किती संयमाने वापरायचे, हे पुष्कळ अंशी त्यांच्या अंतर्गत नियमपुस्तिकांवर आणि परिपत्रकांवर सोपवलेले आहे. नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न कार्यालयाच्या कपाटातील पुस्तिकेवर सोपवणे हा अन्याय आहे आणि तो थांबला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘वर्ध्यातल्या आम्हा साध्या माणसांचा याच्याशी काय संबंध?’ असे कोणी विचारील. संबंध आहे. पुलगावचे दारूगोळा भांडार, रेल्वे, टपाल खाते, राष्ट्रीयीकृत बँका, वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय ही सारी केंद्राची आस्थापने आहेत. तेथे काम करणाऱ्यावर लाचलुचपतीचा आरोप झाला, तर सीबीआय त्याच्या दारी येऊ शकते. तो दोषी असेल तर त्याला शिक्षा व्हावी, यात वाद नाही. पण तो निर्दोष असेल तर त्याचे रक्षण कशाने व्हावे?

सीबीआयचा जन्मच पाहा. १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याचा आधार घेऊन गृहमंत्रालयाने १ एप्रिल १९६३ रोजी एक ठराव केला आणि हा विभाग उभा राहिला. त्या कायद्यात सीबीआय हे नावही नव्हते. ६ नोव्हेंबर २०१३ रोजी गुवाहाटी उच्च न्यायालयाने हा ठराव अवैध ठरवला. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. संसदेच्या स्थायी समितीने या विभागासाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली आहे, तरीही तो अद्याप झालेला नाही.

कायद्याची जागा मग नियमपुस्तिकेने घेतली. १९९७ साली विनीत नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला बजावले, की आपल्या पुस्तिकेतील तरतुदी काटेकोरपणे पाळा आणि त्या मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करा. हे वाचून कोणालाही दिलासा वाटेल. परंतु पुस्तिकेत सांगितलेली प्राथमिक चौकशी न करताच गुन्हा नोंदवला तर काय, हा प्रश्न २०२१ मध्ये त्याच न्यायालयापुढे आला. तेव्हा उत्तर मिळाले, की अशी चौकशी इष्ट असली तरी ती आरोपीचा हक्क नव्हे. नियम आहे, तो छापलेला आहे, आणि तरीही ज्याच्यासाठी तो केला त्याला त्यावर बोट ठेवून न्याय मागता येत नाही! अक्वायनसची तिसरी खूण येथे नाही. समाजाची धुरा ज्या संसदेकडे आहे तिने हा नियम केलेला नाही. खात्याने तो स्वतःसाठी केला आहे.

ईडीच्या बाबतीत चौथी खूणही नाही. २७ जुलै २०२२ रोजी विजय मदनलाल चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ईडीची पुस्तिका हा खात्याचा अंतर्गत दस्तऐवज आहे, आणि ज्या प्रकरण नोंदीवरून कारवाई सुरू होते तिची प्रत आरोपीला दिलीच पाहिजे असे नाही. प्रेषितांच्या कृत्यांमधील फेस्त आठवतो. संत पौलाला कैसराकडे पाठवताना, कैद्याला धाडायचे आणि त्याच्यावरील आरोप मात्र कळवायचे नाहीत, हे त्या रोमन सुभेदारालाही अयोग्य वाटले होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका परकीय अधिकाऱ्याला जे खटकले ते आपल्याला का खटकू नये?

बंद पुस्तिकेचा अनुभव महाराष्ट्रानेही घेतला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ६४ वर्षांच्या एका गृहस्थांना ईडीने चौकशीस बोलावले, मध्यरात्र उलटून जाईपर्यंत त्यांचा जबाब घेतला आणि पहाटे अटक दाखवली. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये अटक बेकायदा ठरवण्यास नकार दिला. परंतु झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे असे सांगून अशा जबाबांवर नापसंती व्यक्त केली आणि वेळेबाबत परिपत्रक काढण्यास फर्मावले. त्याप्रमाणे ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक निघाले. म्हातारपण आलेल्या माणसाला रात्री झोपू द्यावे, एवढी साधी गोष्ट कळण्यासाठी एका बलाढ्य खात्याला उच्च न्यायालयाची पायरी दाखवावी लागली!

आणि आता फादर स्टॅन स्वामी. या येशूसंघीय धर्मगुरूंना एनआयएने ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून भीमा कोरेगाव प्रकरणात अटक केली. वय ८३, कंपवाताने थरथरणारे हात. पेला ओठांपर्यंत नेणेही कठीण. तळोजा तुरुंगातून ६ नोव्हेंबरला त्यांनी न्यायालयाकडे अर्ज केला, की अटकेच्या वेळी घेतलेली नळी आणि झाकणाचा पेला मला परत मिळावा. उत्तर देण्यासाठी यंत्रणेने २० दिवसांची मुदत घेतली आणि २६ नोव्हेंबरला सांगितले, की असे काही आम्ही घेतलेच नव्हते. ५ जुलै २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी सुरू असतानाच त्यांच्या निधनाची वार्ता आली.

त्यांच्यावरील आरोपांची चर्चा येथे करावयाची नाही. मी फक्त त्या पेल्याविषयी विचारतो. तो यंत्रणेने घेतला होता की नाही, याचा निर्णय त्यांच्या शब्दावर किंवा खात्याच्या शब्दावर का अवलंबून राहावा? अटकेच्या वेळी सोबतच्या प्रत्येक वस्तूची यादी व्हावी, तिची सही केलेली प्रत कैद्याला मिळावी, वृद्ध आणि आजारी कैद्याच्या गरजेच्या अर्जाला २४ तासांत उत्तर मिळावे, आणि हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागावा, असे संसदेने लिहून ठेवले असते, तर नळीच्या उत्तरासाठी २० दिवस लागले असते काय?

संगणक आणि मोबाईल यांच्या जप्तीचीही हीच कथा आहे. ही साधने कशी ताब्यात घ्यावीत, यासाठी नियम करा असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये केंद्राला सांगितले. डिसेंबरमध्ये उत्तर मिळाले, की तोवर सर्व केंद्रीय यंत्रणा सीबीआयची २०२० ची पुस्तिका पाळतील. म्हणजे न्यायालयाने नियम मागितले आणि सरकारने पुन्हा कपाटाकडेच बोट दाखवले.

प्रतिपक्षाचे म्हणणे असे, की नियम उघड केले तर गुन्हेगार सावध होतील. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पाळत कशी ठेवावी, खबऱ्यांशी कसे बोलावे हे गुप्त राहो. परंतु माणसाला किती तास बसवून ठेवावे, त्याला औषध कोणी द्यावे, घरच्यांना कधी कळवावे, हे तपासाचे तंत्र नव्हे. हा माणसाशी वागण्याचा धर्म आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे ११ नियम उघडपणे घालून दिले. त्यामुळे पोलिसांचे काम थांबले नाही. उलट, नियम स्पष्ट असला की वरून येणाऱ्या दडपणाला नकार देण्यासाठी प्रामाणिक अधिकाऱ्याच्या हाती आधार येतो.

हे लिहिताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. बालकांवरील अत्याचारांच्या प्रकरणांत चर्चने दीर्घकाळ गुप्ततेच्या नियमांचा आश्रय घेतला. त्या गुप्ततेने चर्चची अब्रू राखली नाही. दुबळ्यांचे अश्रू मात्र झाकले. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांतील परमधर्मपीठीय गुप्ततेचे बंधन उठवले. ज्या चर्चला हा धडा इतकी मोठी किंमत देऊन शिकावा लागला, त्या चर्चच्या लेकरांनी तरी बंद कपाटाचे समर्थन करू नये.

मागणी तीन शब्दांत सांगता येते: कायदा, प्रसिद्धी, जबाबदारी. संसदेने सीबीआयसाठी स्वतंत्र कायदा करावा. माणसाच्या वागणुकीशी संबंधित असलेला प्रत्येक यंत्रणेचा प्रत्येक नियम लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा. नियम मोडला तर नागरिकाला न्यायालयात दाद मागता यावी. या तिन्ही यंत्रणा माहितीच्या अधिकाराच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचा अपवाद तेवढा शिल्लक आहे. म्हणून ही मागणी अधिकच निकडीची ठरते.

वाचकहो, न्यायालयांनी काही दारे उघडली आहेत, ती तरी ओळखून ठेवा. अटकेची कारणे लेखी मिळाली पाहिजेत, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये ईडीच्या बाबतीत आणि मे २०२४ मध्ये बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण व्हावे लागते. हे आपल्या मुलांना सांगा. धर्मग्रामाच्या सभेत एखाद्या वकिलाला बोलावून समजून घ्या. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला विचारा, की या यंत्रणांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी आपण संसदेत काय करणार? संत पौलाने फटके मारू पाहणाऱ्या शताधिपतीला आपल्या नागरिकत्वाची आठवण करून दिली आणि तो हात थांबला. पौलाला कायदा ठाऊक होता, कारण तो जाहीर होता. आपल्यालाही तेवढेच हवे आहे.