समुद्रतळ कोणाचा?

राष्ट्रीय हद्दींपलीकडील समुद्रतळ हा अखिल मानवजातीचा सामायिक वारसा मानावा, अशी मागणी माल्टाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी १९६७ साली संयुक्त राष्ट्रसंघात केली. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात हे तत्त्व मान्य झाले. खाणकामाचे तंत्रज्ञान विकसनशील राष्ट्रांना देण्याचे बंधनही त्यात होते. धनिक राष्ट्रांच्या दडपणामुळे १९९४ च्या पुरवणी कराराने हे बंधन काढून टाकले. अमेरिका तर मूळ करारात आजही सामील नाही. १९८० च्या स्वतःच्या कायद्याखाली खाणपरवाने त्वरेने देण्याचा आदेश तिने २०२५ मध्ये काढला. सामायिक मालकीची ही उघड पायमल्ली आहे.

भारतही या प्रश्नात त्रयस्थ नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ साली समुद्रतळावरील धातुयुक्त गोटे वर काढले; १९८७ साली मध्य हिंदी महासागरातील क्षेत्र भारताच्या नावे नोंदले गेले. धातू कसे काढावेत हे विज्ञान सांगेल. ते कोणाच्या पदरी पडावेत, हा प्रश्न मात्र कायदा, अर्थशास्त्र आणि इतिहास यांच्या अभ्यासकांचा आहे. विद्यापीठांनी हे संशोधन मराठीत करावे आणि कार्यकर्त्यांनी ते कोळीवाड्यांपर्यंत न्यावे. समुद्रावर जगणाऱ्यांना वगळून समुद्राचा कायदा ठरता कामा नये.