सर्व्हरची एएमसी घ्यायची असेल तर काळ्या स्क्रीनला घाबरू नका

प्रॉक्समॉक्सचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, ब्राउझरमध्ये सगळं क्लिक करून होतंय, मग त्या काळ्या स्क्रीनवर कमांड कशाला टाइप करायच्या?" व्हिडिओत मी याचं उत्तर दोन वाक्यांत उरकलं होतं. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न कॉम्प्युटरचा कमी आणि तुमच्या धंद्याचा जास्त आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. एखाद्या सीए ऑफिसमध्ये किंवा पतसंस्थेत एकच दणकट मशीन ठेवायचं आणि त्याच्या पोटात टॅलीचं विंडोज, फाइल सर्व्हर, हजेरीचं सॉफ्टवेअर अशी वेगवेगळी व्हर्च्युअल मशीन चालवायची, याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे प्रॉक्समॉक्स. कंपनी व्हिएन्नाची, पहिली आवृत्ती २००८ सालची, खाली डेबियन लिनक्स आणि केव्हीएम. ओपन सोर्स आहे, त्यामुळे लायसन्सचे पैसे न भरताही वापरता येतं. कंपनीचा सपोर्ट हवा असेल तर प्रोसेसर सॉकेटमागे वर्षाची वर्गणी. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. तेव्हापासून छोटी ऑफिसं प्रॉक्समॉक्सबद्दल विचारायला लागली. म्हणजे तुमच्यासाठी इथे काम आहे.

आता माझं स्पष्ट मत. ज्याला फक्त ब्राउझरमधलं पान वापरता येतं, त्याने इन्स्टॉलेशनचं काम खुशाल घ्यावं, पण एएमसी घेऊ नये. इन्स्टॉलेशन सगळं नीट चालू असताना होतं. एएमसीचा फोन येतो तो बिघडल्यावर, आणि बिघडलेल्या दिवशी ते सुंदर पान तुमच्या हाताशी असेलच असं नाही.

उदाहरण घ्या. रात्री बॅकअप चालू असताना एनएएसची केबल निघाली किंवा कोणीतरी काम मध्येच मारून टाकलं. सकाळी टॅलीचं मशीन चालू करायला जाता तर ते सांगतं, मशीन लॉक आहे, बॅकअप चालू आहे. बॅकअप तर कधीच मेलाय! ब्राउझरच्या पानावर हे कुलूप काढायचं बटणच नाही. कमांड मात्र एका ओळीची: क्यूएम अनलॉक आणि पुढे मशीनचा नंबर, समजा १०१. बॅकअप खरंच चालू नाही ना हे आधी बघायचं, मग अनलॉक, मग क्यूएम स्टार्ट १०१. दोन मिनिटांचं काम. ज्याला हे माहीत नाही तो अख्खा सर्व्हर रीस्टार्ट करतो आणि त्यावरची बाकीची चांगली चाललेली मशीनंही बंद पाडतो.

दुसरं. बरेच जण बॅकअप त्याच मशीनच्या 'लोकल' जागेत टाकतात, आणि नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये ती जागा सिस्टिमच्याच पार्टिशनवर असते. काही महिन्यांत ती भरते. भरली की ब्राउझरमधून लॉगिनसुद्धा होत नाही. पासवर्ड बरोबर, तरी आत घेत नाही. ग्राहक म्हणतो सर्व्हर गेला. प्रत्यक्षात आतली मशीनं चालूच असू शकतात, कारण ब्राउझरचं पान ही वेगळी सेवा आहे. अशा वेळी एसएसएचने आत जायचं, डीएफ कमांडने जागा बघायची, कोणता बॅकअप जुना ते खात्री करून काढायचा, गरज पडली तर पीव्हीई-प्रॉक्सी ही सेवा पुन्हा चालू करायची. आणि त्यानंतर बॅकअपला सांगून ठेवायचं की शेवटचे इतकेच ठेव.

याहून मोठा मुद्दा पैशांचा आहे. समजा तुमच्याकडे दहा ग्राहक झाले. रोज प्रत्येकाच्या पानावर लॉगिन करून बॅकअप झाला का, डिस्क किती भरली हे बघायला पाच मिनिटं धरा. दिवसाची ५० मिनिटं, महिन्याचे २६ दिवस धरले तर साधारण २२ तास. हे तास तुम्हाला कोणी देत नाही. क्यूएम लिस्टने कुठलं मशीन चालू आहे ते कळतं, पीव्हीईएसएम स्टेटसने स्टोरेज कळतं, बॅकअपचा निकाल लॉगमध्ये असतो. या चार ओळी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये टाका, रोज सकाळी मेल येऊ द्या. मग दहाचे वीस ग्राहक झाले तरी माणूस वाढवावा लागत नाही. आणि वाढवलाच, तर नवीन मुलाला "तिथे उजवीकडे वर कुठेतरी बटण आहे" असं फोनवर सांगण्यापेक्षा वहीतली ओळ वाचून दाखवणं केव्हाही सोपं.

ग्राहकाला तुम्ही खरं विकताय ते म्हणजे बॅकअप परत आणून दाखवणं. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. व्हीझेडडंपने काढलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली पाहिजे. आणि तीन महिन्यांतून एकदा ती फाइल क्यूएमरिस्टोरने नवीन नंबरवर, समजा ९०१ वर, उतरवून बघायची. इथे 'युनिक' हा पर्याय द्यायचा, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता नवा मिळतो. तरीही विंडोजमधला आयपी जुनाच असतो, म्हणून चालू करण्याआधी नेटवर्क तोडून ठेवा. नाहीतर भर दुपारी ऑफिसमध्ये एकाच आयपीचे दोन टॅली सर्व्हर भांडत बसतील. कन्सोलमधून कंपनी उघडा, शेवटची एंट्री कोणत्या तारखेची आहे ते मालकाला दाखवा, कागदावर सही घ्या. माझ्या मते एएमसीच्या दरात हे काम वेगळं लिहून त्याचे वेगळे पैसे लावावेत. मालक देतात, कारण त्यांना डोळ्यांनी दिसलेलं असतं.

आता दुसरी बाजू, कारण कमांड दुधारी आहे. ब्राउझरमध्ये मशीन काढून टाकताना त्याचा नंबर टाइप करून खात्री द्यावी लागते. क्यूएम डिस्ट्रॉय असं काही विचारत नाही. मशीन बंद असेल आणि १०१ च्या जागी १०२ टाइप झालं, तर १०२ गेलं. म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक मशीनवर क्यूएम सेटने 'प्रोटेक्शन' चालू करा, मग ते मशीन किंवा त्याची डिस्क काढता येत नाही. नेटवरची कमांड कळल्याशिवाय चिकटवू नका. हाताखालच्या मुलाला रूट पासवर्ड देऊ नका. पीव्हीईयूएमने त्याचं वेगळं खातं काढा आणि सुरुवातीला फक्त बघण्याचा अधिकार द्या, त्याला पीव्हीई-ऑडिटर म्हणतात. आणि एसएसएच किंवा ८००६ हा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवणं तर नकोच, व्हीपीएनमधूनच जायचं.

लॉगिन केल्यावर वर्गणी नसल्याची सूचना येते. ती लपवायची स्क्रिप्ट नेटवर सर्रास मिळते. लपवू नका हो. वर्गणी नाही म्हणजे काय, अपडेट कुठून येतात, कंपनीचा सपोर्ट नाही, हे कोटेशनमध्ये मराठीत लिहा. ज्याला परवडतं तो वर्गणी घेतो, बाकीच्यांना निदान माहीत असतं.

एक गोष्ट मला खटकते ती बोलतोच. काही जण कमांड येते म्हणून ग्राहकाला बांधून ठेवतात. रूट पासवर्ड देत नाहीत, काय केलं ते लिहून ठेवत नाहीत, आणि एएमसी तुटली की फोन उचलत नाहीत. पतसंस्थेच्या सर्व्हरवर लोकांच्या ठेवींचा हिशोब असतो. रूट पासवर्ड बंद पाकिटात मालकाकडे, किंवा संस्था असेल तर सचिवांकडे, पहिल्याच दिवशी द्या. सोबत वापरलेल्या कमांडची दोन पानं. पाकिटावर तारीख घाला, पासवर्ड बदलला की पाकीटही बदला, आणि दोन्ही वेळा पोच घ्या. या पोचपावतीचा नमुना आणि मराठी कोटेशन पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर भरून दाखवतो.