भिंतीवरचे स्टार काय मोजतात?

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 17 ने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर व मानसिक छळावर बंदी घातली. फार चांगले झाले. पण छडी गेल्यावर लहान मुलांचा वर्ग सांभाळायचा कसा? अनेक ठिकाणी याचे सोपे उत्तर निघाले, ते म्हणजे भिंतीवरचा स्टारचा तक्ता. वेळेवर आलास, एक स्टार. गृहपाठ केलास, एक स्टार. दहा स्टार झाले की पेन्सिल. घरीही तेच चालू आहे. पाढे म्हटले तर चॉकलेट, उर्दूचा धडा वाचला तर दहा मिनिटे मोबाईल.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. माझे स्पष्ट मत आहे की लहान मुलांना बक्षीस जरूर द्यावे, पण शिकण्याची मजुरी देऊ नये.

या दोन्हींतला फरक 1973 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली चित्र काढायला आवडणारी मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढा, सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिले, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

आमच्या वडीगोद्रीच्या पालकांना हे समजायला प्रयोगाची गरज नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. मजुरी बंद झाल्यावर दुसऱ्याच्या रानात एक बोंड तरी कोणी वेचेल का? वाचनाचेही तसेच होते. स्टार बंद, पुस्तक बंद.

स्टार सरसकट वाईट असतात असे मी म्हणत नाही. ज्या कामात मुलाला अजून काहीच गोडी नाही, तिथे सुरुवातीला छोटेसे आमिष उपयोगी पडते. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी टोकनचा वापर कित्येक दशकांपासून होत आहे. पण तो त्या एका मुलापुरता असतो, आणि सवय लागली की हळूहळू टोकन कमी करायचे असतात. चाळीस मुलांसमोर लावलेला तक्ता ही वेगळी गोष्ट आहे.

त्या तक्त्यावर कोणाची ओळ रिकामी राहते ते बघा. ज्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेत, त्याची. धाकट्या भावाला सांभाळून उशिरा येणाऱ्या मुलीची. घरी दखनी बोलणाऱ्या आणि मराठीच्या तासाला ‘पाणी आला’ म्हणणाऱ्या मुलाची. उर्दूत ‘पानी आया’ बरोबर आहे, म्हणून त्याची चूकही विचार करून झालेली असते. पण स्टार फक्त बरोबर उत्तराला मिळत असेल, तर तो तोंडच उघडणार नाही. मग तो तक्ता मेहनत कुठे मोजतो? तो घरची परिस्थिती मोजतो, आणि तीही सगळ्यांसमोर. छडीचा वळ संध्याकाळपर्यंत जायचा, ही रिकामी ओळ मात्र महिनाभर भिंतीवर राहते.

महाराष्ट्र शासनाने 1992 मध्ये पहिली ते चौथीच्या गरीब, मागास घटकांतील मुलींसाठी दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. मुलगी शाळेत टिकावी हा हेतू चांगलाच होता. पण मुलीच्या डोक्यावर घरकाम आणि भावंडे असतील, तर रुपयाने ती शाळेत कशी येणार? अडचण घरात असेल तर घराशी बोलावे लागते. त्यावर मुलाला आमिष दाखवून उपयोग नाही.

आपल्याकडे याहून चांगली रीत आहे. मुलाचे कुरआन वाचून पूर्ण झाले की घरात आनंद होतो आणि मिठाई वाटली जाते. पुष्कळदा मूल स्वतःच्या हाताने वाटते. पहिल्या रोजाला गळ्यात हार पडतो. पानामागे किंवा तासामागे कोणी दर ठरवत नाही. तिथे मुलाला कळते की आपण काहीतरी मोठे केले आणि आपली माणसे खूश झाली.

शाळेतही हे जमते. उर्दूत ‘ळ’ नाही. ज्या दिवशी मुलगी ‘बाळ’ नीट म्हणते, त्या दिवशी तिला सांगावे, “काल जमत नव्हते, आज जमले. आता शेजारणीला शिकव.” याला पैसा लागत नाही, पण शिक्षकाला कालचे लक्षात ठेवावे लागते. तक्ता लावला की ते लक्षात ठेवायची गरज उरत नाही. म्हणूनच तो आपल्याला सोयीचा वाटतो, आणि म्हणूनच तो भिंतीवरून उतरवावा असे मला वाटते.