हात धुवायचे, पण कुठल्या नळाखाली?



पिंपरी-चिंचवड शहराचं पाणी पवनेतून उचललं जातं ते आमच्या रावेतच्या बंधाऱ्यावर. तरी २०१९च्या नोव्हेंबरपासून शहरात पाणी एक दिवसाआड येतं. घरी आपण पिंप भरून ठेवतो. रुग्णालयात काय होतं ते आईच्या उशाशी आठ रात्री काढल्या तेव्हा पाहिलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ही गत त्या एकट्याची नसावी.

वॉर्डात वीस खाटा, रात्रपाळीला एकच सिस्टर. बेसिन व्हरांड्याच्या टोकाला. नळ कोरडा, खाली बादली आणि सगळ्यांच्या हाताळणीतला एक मग. सॅनिटायझरची बाटली टेबलाच्या खणात, कारण बाहेर ठेवली की लगेच संपते. शेजारच्या पेशंटचं ड्रेसिंग आटोपून सिस्टर त्याच ग्लोव्हजनी आईची सलाईन बघायला आल्या. मी हाताकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "दादा, दर वेळी तिकडे जाऊन आले तर इथे कोण बघणार?" सहाव्या दिवशी आईच्या सुईच्या जागी पू झाला. तो कुणाच्या हातून आला हे कुणीच सांगू शकणार नाही.

सिस्टरचं म्हणणं खोटं नव्हतं. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. वीस पेशंट, प्रत्येकाच्या आधी आणि नंतर, म्हणजे एका फेरीत अर्धा-पाऊण तास नुसता बेसिनपाशी. अल्कोहोलचं द्रावण हाताला चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात, खाटेपासून हलावंही लागत नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ ते १९९७ या काळात खाटेखाटेशी अशा बाटल्या दिल्या, भिंतींवर फलकही लावले. हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं. साबणाने धुणारे होते तेवढेच राहिले. वाढ झाली ती बाटलीमुळे.

हे द्रावण महागडं नाही. ८० टक्के इथेनॉल, थोडं ग्लिसरीन, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. जागतिक आरोग्य संघटनेने कृती सर्वांसाठी खुली ठेवली आहे. २०२०मध्ये आपल्याच साखर कारखान्यांनी सॅनिटायझर बनवलं होतं. मात्र हाताला रक्त लागलं असेल तर साबण-पाणीच हवं. म्हणून टाकीही भरलेली हवी.

खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचं नूतनीकरण महापालिकेचा वैद्यकीय विभाग करतो. प्रत्येक खाटेला बाटली आहे का, हे पाहिल्याशिवाय त्याने सही करू नये. आणि तपासणीला रात्री अकराला यावं, पाणी न येण्याच्या दिवशी, व्हरांड्यातला नळ स्वतः सोडून बघावा.

– एक वाचक, रावेत