तारण गमावता येते काय?

देवगाव रंगारीसारख्या गावात एखादा इव्हँजेलिकल आप्त आपल्या भाविकाला विचारतो, "तुमचे तारण झाले का? एकदा झाले की ते कायमचे!" भाविक गोंधळतो. परंतु हे मत सर्वच इव्हँजेलिकल मंडळ्यांचे नाही.

कोणाचे तारण व्हायचे हे देवाने बिनशर्त आधीच ठरविले आहे, या कॅल्विनपंथीय मताला डच ईशज्ञानी याकोबस आर्मिनिअस (१५६०–१६०९) यांनी विरोध केला. पहिले पाऊल देवाच्या कृपेचेच. मात्र मनुष्य ती नाकारू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन. १६१८-१९ च्या डॉर्ट धर्मपरिषदेने त्यांच्या अनुयायांना दोषी ठरविले. पुढे जॉन वेस्ली यांनी हा विचार मेथडिस्टांत रुजविला. विश्वासी कृपेपासून ढळू शकतो, असेही शिकविले. आपल्या शेजारी जालन्यात स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनने कार्य केले, ती परंपरा कॅल्विनची. बुलढाणा-वाशिमची नाझरीन मंडळी वेस्लींच्या वाटेवरची.

कृपा प्रथम, मनुष्याचे सहकार्य आवश्यक आणि गंभीर पापाने कृपा गमावता येते, हे त्रेंत महासभेने १५४७ सालीच शिकविले. नीतिमत्त्वाविषयीच्या १९९९ च्या कॅथोलिक-लुथरन संयुक्त घोषणेला जागतिक मेथडिस्ट परिषदेने २००६ साली संमती दिली. साक्रामेंतांविषयीचे मतभेद मात्र उरतातच.

म्हणून आम्ही सुचवितो की, आप्ताशी वाद न घालता नम्रपणे सांगावे: "ख्रिस्ताने मला तारले, तो तारीत आहे, अखेरपर्यंत टिकावे म्हणून मी प्रार्थना करतो." आणि पाप घडल्यास प्रायश्चित्त संस्काराकडे वळावे. आशा आणि जागरूकता, दोन्ही आपल्या श्रद्धेत एकत्र नांदतात.