आधी नाव विचारले, आता कागद

देशातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, सुमारे ८ कोटी महिला मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख बायकांची नावे यादीतून गळाली. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशीच त्यांची नोंद झाली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद नाकारली. बाईला तिच्या नावाने ओळखा, हा आग्रह योग्यच होता. पण परक्यापुढे नाव घेऊ नये हे बंधन घातले घराने आणि रूढीने. मत मात्र गेले बाईचे.

मैत्रिणींनो, त्यानंतर सत्तर वर्षे उलटून गेली. २४ जून २०२५ रोजी निवडणूक आयोगाने बिहारमध्ये मतदार याद्यांची सखोल फेरतपासणी काढली. २००३ च्या यादीत नाव नसेल तर ११ कागदांपैकी एक दाखवा. जन्म १ जुलै १९८७ नंतरचा असेल तर आईचा किंवा वडिलांचाही पुरावा आणा. कागद कोणते? मॅट्रिकचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, जन्मदाखला, सरकारी नोकरीचे ओळखपत्र. जिची शाळा मधेच सुटली, जन्म घरातच झाला, लग्नात नाव आणि गाव दोन्ही बदलले, तिने हे आणायचे कुठून? रेशनकार्ड आणि खुद्द आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्र या ११ मध्ये नव्हते. आधार कार्ड घेतले गेले ते सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये सांगितल्यावर.

कच्च्या यादीत ६५ लाख नावे नव्हती. ती कोणती आणि का वगळली, हे जाहीर करायलाही न्यायालयाचा आदेश लागला. मेलेल्यांची आणि दुबार नावे काढायलाच हवीत. बोगस मतदान आपलेच मत खाते. पण साफसफाईच्या नावाखाली जिवंत बाईने आपण इथल्याच आहोत हे का सिद्ध करत बसायचे?

आणि हे नियम ठरवणारे कोण? राज्यघटनेच्या कलम ३२४ ने याद्यांचा ताबा आयोगाकडे दिला, तो सरकारच्या हातात राहू नये म्हणून. संसद कायदा करेपर्यंत आयुक्तांच्या निवड समितीत सरन्यायाधीश असावेत, असे न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितले. डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांच्या पसंतीचा मंत्री आणला. तिघांत दोघे सरकारचे. खेळणाऱ्यानेच पंच निवडायचा, हा कुठला न्याय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ही मोहीम गोव्यासह १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली. तेव्हा आपण आतापासूनच ठणकावून मागितले पाहिजे:

यादीत असलेल्या बाईचे नाव नोटीस दिल्यावाचून आणि तिचे ऐकल्यावाचून काढू नका. १९९५ च्या लाल बाबू हुसेन प्रकरणात न्यायालयाने हेच बजावले आहे. नाव खोटे असेल तर ते सरकारने सिद्ध करावे. सासरच्या यादीत नाव चढल्याशिवाय माहेरच्या यादीतले पुसू नका. आणि आयुक्त निवडणाऱ्या समितीत सरकारचे बहुमत नको.

दरम्यान प्रत्येक महिला मंडळाने आपल्या वस्तीची यादी मिळवावी, बायकांना जमवून ती मोठ्याने वाचावी. जिचे नाव ऐकू येणार नाही, तिच्यासोबत सगळ्यांनी अर्ज घेऊन कचेरीत जावे.