गाडीचे वय आणि गाडीची तब्येत

ज्या घरात टॅक्सी, रिक्षा किंवा टेम्पो आहे, त्या घरातल्या लहान मुलांनाही ‘पासिंग’ हा शब्द ठाऊक असतो. पासिंगची तारीख जवळ आली की दोन-तीन दिवसांचा धंदा बुडतो, मेस्त्रीचे बिल होते, रंगाचा खर्च येतो. कागद परत हातात पडेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. या वेळी आम्ही या पासिंगविषयीच लिहिणार आहोत, पण नव्या गाडीच्या नव्हे. जुनी, नावाजलेली गाडी तपासणीत टिकते का, आणि टिकली तरी तिला रस्त्यावर राहू दिले जाते का, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

उदाहरण आपल्या ओळखीचेच घेऊ. मुंबईची काळी-पिवळी, म्हणजे प्रीमियर पद्मिनी. इटलीच्या फियाट कंपनीच्या मोटारीवरून कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. १९६४ साली ती फियाट ११०० डिलाइट या नावाने आली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडीत गुंतागुंत नव्हती. पाने-पक्कड हाताळणारा कोणताही मेस्त्री ती उघडून पुन्हा जोडू शकत असे. या गाडीवर कितीतरी घरांची चूल पेटली, मुलांची शिक्षणे झाली.

पासिंगला साहेब काय बघतात? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील ६२ व्या नियमात त्याची यादीच दिलेली आहे. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, रिफ्लेक्टर, आरसा, काच, वायपर, हॉर्न, सायलेन्सर, स्पीडोमीटर आणि धूर. मोटारगाडी ताशी ३० किलोमीटर वेगात असताना ब्रेक दाबला तर ती १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. स्टिअरिंगचे चाक ३० अंशांपेक्षा जास्त मोकळे फिरता कामा नये. म्हणजे मामला अंदाजाचा नाही, मोजमापाचा आहे.

या मोजमापात जुन्या गाडीचे दुखणे कुठे निघते, हे जुन्या मेस्त्रींना तोंडपाठ असते. ड्रम ब्रेकचे लायनर एका चाकाचे जास्त झिजले की ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. पावसात ड्रममध्ये पाणी गेले की ब्रेक कमी धरतो. स्टिअरिंगचे जोड सैल होतात. पण खरा शत्रू गंज. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नव्हती. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. मुंबईच्या पावसाने आणि खाऱ्या हवेने तळाचा पत्रा खाल्ला तर वरून कितीही रंग मारा, गाडी आतून पोकळच. लायनर बदलता येतो, जोड बदलता येतो, वेळीच पाहिले तर पत्राही जोडता येतो. म्हणूनच निगा राखलेली पद्मिनी वर्षानुवर्षे पास होत राहिली, आणि निगा न राखलेली तिच्याहून तरुण गाडी नापास झाली.

तरीही पद्मिनी गेली. ती काही तपासणीत हरली नाही. मुंबईतल्या टॅक्सीची वयोमर्यादा २०१३ साली २० वर्षे करण्यात आली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता या टॅक्सीचे पर्व संपले. निदान एक तरी गाडी जतन करा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. तिचा उपयोग झाला नाही.

आता याची दुसरी बाजू पाहा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठरले आणि नोंदणी १० वर्षांची. ही गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामापुरतीच ती रस्त्यावर येते. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये ५० वर्षांची झाली. म्हणजे हौसेची पद्मिनी पन्नाशीनंतर मानाचा नंबर लावू शकते, आणि पोटासाठी राबलेली तिचीच धाकटी बहीण विशीतच भंगारात जाते.

इंग्लंडमध्ये तर त्याहून पुढची गोष्ट आहे. तिथे १९६० पासून ‘एमओटी’ नावाची तपासणी आहे. मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि मोठा बदल न केलेल्या मोटारींना या वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. कारण असे सांगितले गेले की, अशा गाड्या मालक जिवापाड जपतात आणि त्या थोड्याच फिरतात. सूट तपासणीची आहे, जबाबदारीची नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी चालवली तर तिथे २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

वाचकहो, यात सगळाच अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. हौसेची गाडी महिन्यातून एकदा निघते. टॅक्सी दिवसभर धावते आणि अनेकदा रात्रपाळीलाही जाते. तिच्यात परकी माणसे, बायाबापड्या, शाळेची मुले बसतात. धुराचे निकष कडक झाले, अपघातात जीव वाचवणारी साधने नव्या गाड्यांत आली. हे सारे खरे आहे. पण वर्ष मोजले म्हणजे तब्येत कळली, असे होत नाही. हिशेबाच्या वहीत घसारा दरवर्षी ठरल्याप्रमाणे पडतो. प्रत्यक्षात यंत्र किती झिजले, हे ते उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. जिथे चोख तपासणी शक्य आहे, तिथे नुसत्या कॅलेंडरवर निकाल का द्यावा? आणि वयाची अट ठेवायचीच असेल, तर नव्या गाडीसाठी कमी व्याजाचे कर्ज त्याच हाताने द्यावे. हौसेच्या मालकाची गाडी गेली तर त्याची हौस जाते. चालकाची गाडी गेली तर त्याच्या घरची मिळकत जाते.

ही मागणी करायची, तर आपली बाजूही स्वच्छ हवी. एजंटाच्या हाती पैसे ठेवून गाडी न दाखवता कागद आणणारा मालक आपल्याच पोटावर पाय देतो. त्या ब्रेकवर उद्या त्याचाच मुलगा बसणार असतो. पासिंगसाठी मित्राचे टायर लावायचे आणि संध्याकाळी पुन्हा गुळगुळीत टायर चढवायचे, ही हुशारी नव्हे.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. पासिंगच्या तारखेआधी महिनाभर गाडी मेस्त्रीला दाखवा. पावसाळा संपताच चटया उचलून तळाचा पत्रा पाहा. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्या आणि तो दाखला जपून ठेवा. गाडी नापास झाली तर कारण लेखी मागा, दुरुस्ती करा आणि पुन्हा दाखवा. दुरुस्तीच्या पावत्या एका वहीत चिकटवा. घरात शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर ती वही त्यांच्याकडे सोपवा.

गाडीची निगा राखली, असे म्हणून चालत नाही. ते कागदावर दाखवता आले पाहिजे. मग कोणी गाडीचे वय विचारले, तर तिच्या तब्येतीची वही आपल्याला पुढे करता येईल.